दूषित माती आणि सूक्ष्मजीव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिझेल, खनिज तेल, कीटकनाशकं, कारखान्यांतले सॉल्व्हंट (द्रावक) यांनी खराब झालेल्या मातीबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला प्राथमिक, पुढे अडचणीचे. कोणतंही उत्तर सुटं वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सेंद्रिय म्हणजे तर चांगलं ना? मग "सेंद्रिय प्रदूषक" हा काय प्रकार?

प्रश्न रास्त आहे. सेंद्रिय शेती, सेंद्रिय खत असं सतत कानावर पडून "सेंद्रिय" म्हणजे निर्धोक असा अर्थ मनात बसतो. रसायनशास्त्रात या शब्दाचा अर्थ एवढाच, की रेणूचा सांगाडा कार्बनचा आहे. साखर सेंद्रिय, डिझेल सेंद्रिय आणि डीडीटीसुद्धा सेंद्रियच.

या सांगाड्यामुळेच सूक्ष्मजीवांना त्यात रस असतो. कार्बनचं ऑक्सिडीकरण केलं की ऊर्जा मिळते आणि त्याच कार्बनमधून नव्या पेशीही बांधता येतात. शिसं, पारा यांच्या बाबतीत हे होत नाही (पाहा प्रश्न १५).

२. जिवाणू तेल "खातात" म्हणजे नेमकं काय करतात?

डिझेलमधला एकच रेणू जवळून पाहू. हेक्झाडेकेन ही १६ कार्बनची सरळ, गुळगुळीत साखळी. पाण्यात ती जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे जिवाणूला तेलाच्या थेंबाच्या काठावर, तेल आणि पाणी भेटतात तिथे, चिकटून बसावं लागतं. साखळीत पकडायला कुठे खाच नाही. म्हणून पहिला घाव टोकावर बसतो: ऑक्सिजनेज नावाचं एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनचा एक अणू टोकाच्या कार्बनला जोडतं. या पायरीवर पेशीला स्वतःची ऊर्जा खर्च करावी लागते, मिळत काहीच नाही. पण तो एक अणू बसला की रेणूचं अल्कोहोल होतं, मग अल्डिहाइड, मग मेदाम्ल. मेदाम्ल पेशीच्या रोजच्या ओळखीचं असतं. त्याचे दोन-दोन कार्बनचे तुकडे पडत जातात, १६ कार्बनचे ८ तुकडे, आणि ते साखरेच्या तुकड्यांसारखेच पेशीच्या श्वसनचक्रात जातात.

बेंझीनसारख्या कड्याच्या रेणूची तऱ्हा थोडी वेगळी. कडं फार स्थिर असतं. तिथे ऑक्सिजनचे दोन अणू शेजारी शेजारी बसवून आधी कॅटेकॉल हा रेणू बनवला जातो आणि मग कडं फोडून त्याची सरळ साखळी केली जाते. नॅप्थॅलीन, फिनान्थ्रीन अशा जोडकड्यांच्या रेणूंत एकेक कडं असंच उघडत जातं.

शेवटी उरतो कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि जिवाणूंची नवी पिढी. थोडा कार्बन मेलेल्या पेशींच्या रूपाने मातीच्या ह्यूमसमध्येही मिसळतो.

३. हे जिवाणू बाहेरून आणावे लागतात का?

बहुतेक वेळा नाही. चांगल्या मातीच्या एका ग्रॅममध्ये कोट्यवधी जिवाणू असतात आणि त्यांत तेल तोडू शकणारे थोडेफार असतातच. पानांवरचं मेण, झाडांचे राळयुक्त स्राव, जमिनीतून आपसूक झिरपणारं खनिज तेल, हे सगळं पृथ्वीवर माणसाच्या कितीतरी आधीपासून आहे, त्यामुळे ही विद्याही जुनी आहे. एरवी असे जिवाणू शंभरात एकही नसतात. तेल सांडलं की काही आठवड्यांत तेच बहुसंख्य होऊ शकतात. स्युडोमोनस, ऱ्होडोकॉकस, असिनेटोबॅक्टर, स्फिंगोमोनस, मायकोबॅक्टेरियम ही नावं अशा मातीच्या अहवालांत हमखास भेटतात.

अपवाद आहेत, विशेषतः क्लोरीनयुक्त सॉल्व्हंटच्या बाबतीत. त्यासाठी प्रश्न ६ आणि १३ पाहा.

४. जिवाणू आधीच हजर असतील तर माती आपोआप साफ का होत नाही?

या पानावरचा एकच प्रश्न वाचायला वेळ असेल तर हा वाचा. जिवाणू असतात, पण त्यांचं काम कशावर तरी अडलेलं असतं. कशावर, ते शोधून तेवढं पुरवणं म्हणजेच माती साफ करण्याचं शास्त्र.

बहुतेकदा अडतं ते ऑक्सिजनवर. १ किलो डिझेल पूर्ण जाळायला साधारण ३.४ किलो ऑक्सिजन लागतो. चुलीत जाळा नाहीतर जिवाणूच्या पोटात, हिशोब तोच. पेशी थोडा कार्बन स्वतःच्या बांधणीसाठी ठेवते म्हणून प्रत्यक्षात आकडा जरा कमी पडतो, पण फार नाही. आता हा ऑक्सिजन पाण्यातून पुरवायचा म्हटलं तर एका लिटर पाण्यात तो जेमतेम ९ मिलिग्रॅम विरघळतो. म्हणजे १ किलो डिझेलसाठी पावणेचार लाख लिटरच्या आसपास पाणी! तेवढाच ऑक्सिजन १२ घनमीटर हवेत असतो. म्हणून तर मातीतून हवा खेळवायच्या पद्धती इतक्या रूढ झाल्या आणि म्हणूनच चिखल झालेली, पाणी तुंबलेली दूषित जमीन वर्षानुवर्षं तशीच राहते.

दुसरी अडचण नत्र आणि स्फुरदाची. डिझेलमध्ये कार्बन भरपूर, नत्र जवळपास शून्य. नुसत्या कार्बनवर पेशी वाढत नाही. तिसरी ओलाव्याची: माती कोरडी असेल तर जिवाणू निपचित पडतात, जास्त ओली असेल तर हवा बंद. माती जितकं पाणी धरू शकते त्याच्या निम्म्यापासून पाऊण हिश्श्यापर्यंत ओलावा ठीक. त्यानंतर तापमान, ६ ते ८ या पट्ट्यातला सामू (पीएच) आणि शेवटी प्रदूषकापर्यंत पोहोचण्याची सोय (पाहा प्रश्न ११).

मार्च १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्याजवळ एक्झॉन व्हाल्डेझ जहाज खडकावर आदळून तेल पसरलं, तेव्हा गोट्यांच्या किनाऱ्यांवर खत टाकण्यात आलं आणि तिथे आधीच असलेल्या जिवाणूंचा वेग वाढलेला दिसला. त्याच भागात, गोट्यांखाली जिथे ऑक्सिजन आणि पोषकद्रव्यं पुरेशी पोहोचत नाहीत, तिथे मात्र दोन दशकांनंतरही तेल सापडत होतं.

५. ऑक्सिजन अजिबात नसेल तर काम बंद पडतं का?

बंद पडत नाही, मंदावतं. श्वसन म्हणजे इलेक्ट्रॉन कुणाच्या तरी हवाली करणं. ऑक्सिजन संपला की जिवाणूंचे वेगवेगळे गट पुढच्या घेणाऱ्यांकडे वळतात: नायट्रेट, मँगनीज, तीन प्रभाराचं लोह, सल्फेट आणि सगळ्यात शेवटी कार्बन डायऑक्साइड, ज्यातून मिथेन होतो. या उतरंडीत खाली जावं तशी हाती येणारी ऊर्जा कमी, म्हणून वेगही कमी.

ऑक्सिजनशिवाय पहिला घाव कसा घालायचा, याची उत्तरंही जिवाणूंनी शोधली आहेत. टोल्युइन या बेंझीनसारख्या कड्याच्या रेणूला ते फ्युमरेट नावाचा छोटा रेणू जोडतात आणि तिथून पुढे मोडतात.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात बेमिजी गावाजवळ ऑगस्ट १९७९ मध्ये खनिज तेलाची पाइपलाइन फुटली. काढता आलं तेवढं तेल काढल्यावर उरलेल्याचं काय होतं, याचा अभ्यास तिथे १९८३ पासून चालू आहे. भूजलात लोहावर श्वास घेणारे जिओबॅक्टर कामाला लागले, आतल्या भागात मिथेन तयार होऊ लागला आणि पाण्यातल्या बेंझीन-टोल्युइनचा पट्टा नुसत्या प्रवाहाबरोबर जितका लांब गेला असता तितका पसरला नाही. निसर्गावर सोडणं हाही उपाय ठरू शकतो याचा हा चांगला दाखला आहे, पण त्यासाठी दशकानुदशकं मोजमाप करत राहावं लागतं. लक्ष न देणं म्हणजे निसर्गावर सोडणं नव्हे.

६. बाजारात मिळणारी जिवाणूंची पावडर टाकली तर काम लवकर होईल का?

साध्या तेल-डिझेलसाठी सहसा फारसा फरक पडत नाही. प्रयोगशाळेत भरपूर अन्नावर वाढलेला जिवाणू अनोळखी मातीत पडला की स्थानिक जिवाणूंशी स्पर्धा, एकपेशीय भक्षक आणि उपासमार यांत बहुतेकदा काही आठवड्यांतच दिसेनासा होतो. पावडरीबरोबर खत आणि पाणीही दिलं जातं आणि श्रेय पावडरीला जातं. विकत घेण्यापूर्वी एक गोष्ट मागा: त्याच मातीचे तीन वाफे, एक तसाच, एक फक्त खत-पाणी-हवा दिलेला आणि एक पावडरीसकट. दुसऱ्या आणि तिसऱ्यात फरक दिसला तरच पैसे खर्च करा.

बाहेरचे जिवाणू खरोखर उपयोगी पडतात ते जिथे ती क्षमताच जागेवर नसते तिथे. प्रश्न १३ मधला डिहॅलोकोकॉइडिस हे त्याचं सिद्ध झालेलं उदाहरण आहे.

७. युरिया किती टाकायचा?

रूढ सूत्र कार्बन, नत्र, स्फुरद १०० : १० : १ असं आहे. हिशोब करून पाहू. एक घनमीटर माती, वजन १,६०० किलो. त्यात किलोमागे ५,००० मिलिग्रॅम डिझेल, म्हणजे एकूण ८ किलो. त्यात कार्बन सुमारे ७ किलो. सूत्राप्रमाणे नत्र ७०० ग्रॅम, म्हणजे ४६ टक्के नत्राचा युरिया दीड किलो.

हा दीड किलो एकदम टाकू नका! मातीत १५ टक्के ओलावा धरला तर तिच्यात २४० लिटर पाणी आहे. ७०० ग्रॅम नत्र तेवढ्या पाण्यात म्हणजे लिटरला जवळपास ३ ग्रॅम. इतक्या खारट द्रावणात जिवाणूंच्या पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं, वर युरियापासून अमोनिया होऊन सामूही चढतो. ज्यांना वाढवायचं तेच मरतात. चार-पाच हप्त्यांत द्या, मध्ये मातीतलं उरलेलं नत्र तपासा. बऱ्याचदा सूत्रापेक्षा पुष्कळ कमी पुरतं, कारण मेलेल्या पेशींतलं नत्र पुन्हा वापरात येतं.

काही रसायनांच्या बाबतीत नत्र दिल्याने काम उलट थांबतं. ते प्रश्न १८ मध्ये.

८. शेणखत किंवा कंपोस्ट मिसळलं तर चालेल?

चालेल, आणि चिकण मातीत तर फारच उपयोगी. त्याने माती भुसभुशीत होते, हवा खेळते, ओलावा टिकतो, नत्र-स्फुरद हळूहळू सुटतं. लाकडाचा भुसा मात्र जपून घाला. त्याचा कार्बन मातीतलं नत्र ओढून घेतो. कंपोस्ट घातल्यावर पहिल्या अहवालात तेलाचं प्रमाण वाढलेलं दिसू शकतं. घाबरण्याआधी प्रश्न २० वाचा.

९. माती उपसावी लागते की जागेवरच काम होतं?

दोन्ही होतं. माती उपसली तर ती अस्तर घातलेल्या जागेवर ३० ते ४५ सेंटिमीटर थरात पसरून ठरावीक दिवसांनी नांगरतात. याला लँडफार्मिंग म्हणतात. जागा कमी असेल तर ढीग करून त्यात भोकांच्या नळ्या घालतात आणि पंप लावून हवा ओढतात, तो बायोपाइल. उपसायची नसेल तर भूजलाच्या पातळीपेक्षा वर असलेल्या थरात विहिरीवाटे हळू हवा सोडतात, ते बायोव्हेंटिंग. हळू हा शब्द महत्त्वाचा. जोरात हवा मारली तर हलकी द्रव्यं तुटण्याऐवजी उडून जातात, जमिनीतलं प्रदूषण हवेत जातं.

पसरट जागेत वरवर सांडलं असेल तर उपसणं सोपं. इमारतीखाली किंवा खोल गेलं असेल तर जागेवरचेच उपाय. घट्ट चिकण मातीत हवा ढकलता येत नाही, तिथे जागेवरचे बहुतेक उपाय तोकडे पडतात.

१०. किती दिवस लागतात? कोणतं रसायन लवकर जातं?

नीट हवा-पाणी-खत मिळालेल्या डिझेलच्या मातीला काही महिने. जड खनिज तेलाला वर्ष-दोन वर्षं, आणि तरी त्यातला डांबरासारखा भाग उरतोच. सरळ साखळ्या सगळ्यात आधी जातात, मग फांद्या असलेल्या, मग एक-दोन कड्यांचे रेणू. चार-पाच कड्यांचे, उदाहरणार्थ बेंझोपायरीन, अनेक वर्षं रेंगाळतात. डीडीटीचा मातीतला अर्धायुकाल २ ते १५ वर्षं असा सांगितला जातो. एवढी तफावत मातीच्या फरकामुळेच.

तापमान १० अंशांनी वाढलं की वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, हे साधारण ३५-४० अंशांपर्यंत. म्हणून थंडीतले चार महिने आणि उन्हाळ्यातले चार महिने एकाच मापाने मोजू नयेत.

किलोमागे ५०,००० मिलिग्रॅमच्या वर तेल असेल तर सहसा आधी स्वच्छ माती मिसळून प्रमाण उतरवावं लागतं, नाहीतर जिवाणूच गुदमरतात.

११. सुरुवातीला झपाट्याने कमी होतं, मग आकडा अडून बसतो. असं का?

मातीचा एक मिलिमीटरचा कण डोळ्यांसमोर आणा. बाहेरून कण, आतून भोकांचं जाळं. जिवाणू साधारण एक मायक्रोमीटरचा. त्याहून बारीक भोकांत तो शिरू शकत नाही, पण प्रदूषकाचा रेणू त्याच्या हजाराव्या हिश्श्याएवढा असतो, तो सहज शिरतो. वर्षं जातात तसा तो आणखी आत सरकतो, ह्यूमसमध्ये रुततो. सुरुवातीचा झपाटा म्हणजे कणांच्या बाहेरचं संपवणं. त्यानंतर जिवाणूला वाट पाहावी लागते, आतला रेणू स्वतःहून बाहेर झिरपेल तेव्हाच तो मिळणार. इथे वेग जिवाणू ठरवत नाही, झिरपणं ठरवतं, म्हणून खत वाढवून काहीच होत नाही.

हा अडकलेला अंश गांडुळांना आणि मुळांनाही कमीच मिळतो, त्यामुळे त्याचा धोका आकड्याच्या मानाने कमी असतो. किती कमी, हे मात्र प्रत्येक मातीत तपासावं लागतं. सरसकट "आता निर्धोक" म्हणून फाइल बंद करणं मला पटत नाही.

साबण किंवा डिटर्जंट टाकून तो सोडवता येईल का, असंही विचारलं जातं. सुटतो, पण सुटलेला रेणू पाण्याबरोबर खाली भूजलात जाऊ शकतो, आणि जिवाणू कधी कधी तेल सोडून डिटर्जंटच खात बसतात. बंद टाकीत ठीक, उघड्या जमिनीवर नको.

१२. वास गेला म्हणजे माती साफ झाली का?

नाही. पेट्रोलसारखी हलकी द्रव्यं बरीचशी उडूनच जातात. वास गेला याचा अर्थ उडणारा भाग गेला. अहवालातला आकडा कमी झाला तरी तीन शक्यता असतात: तुटलं, उडालं किंवा वाहून गेलं. विचारायचा प्रश्न "किती कमी झालं" एवढाच नाही, "गेलं कुठे" हाही आहे.

तुटलं हे सिद्ध करायचे काही चांगले मार्ग आहेत. दोन बाटल्यांत तीच माती घ्यायची, एकीतले जिवाणू सोडियम अझाइडसारखं विष घालून मारायचे. जिवंत बाटलीत तेल कमी होतं, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि मेलेल्या बाटलीत तसं होत नाही, तर काम जिवाणूंचं. शेतावर बायोव्हेंटिंग चालू असेल तर हवा बंद करून मातीतल्या वायूचा ऑक्सिजन किती वेगाने उतरतो ते पाहतात. खनिज तेलात होपेन नावाचा फार चिवट रेणू असतो. इतर घटक होपेनच्या तुलनेत घटले असतील तर ते वाहून गेलेले नाहीत, कारण वाहून जाताना होपेनही सोबत गेला असता.

माती बरी होते तेव्हा एक वेगळा वास परततो, पहिल्या पावसाचा. तो जिऑस्मिनचा, स्ट्रेप्टोमायसिस गटाच्या जिवाणूंचा. त्याने मन प्रसन्न होतं, पण तो तपासणी अहवालाची जागा घेऊ शकत नाही.

१३. तुटताना मूळ रसायनापेक्षा घातक काही तयार होऊ शकतं का?

होय, आणि हे गंभीरपणे घ्यायला हवं. कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगमध्ये वापरतात ते टेट्राक्लोरोइथिलीन घ्या. त्यात चार क्लोरीन आहेत. कार्बन आधीच इतका ऑक्सिडाइज झालेला आहे की ऑक्सिजनवर जगणाऱ्या जिवाणूंना त्यातून काही मिळत नाही. ऑक्सिजन नसलेल्या ठिकाणी मात्र काही जिवाणू हायड्रोजन खातात आणि या रेणूवर श्वास घेतात. प्रत्येक श्वासाला एक क्लोरीन निघतो. चाराचे तीन, तिनाचे दोन, मग एक. एक क्लोरीन उरलेला रेणू म्हणजे व्हिनाइल क्लोराइड, माणसात कर्करोग घडवणारं म्हणून निश्चित झालेलं रसायन. शेवटचा क्लोरीन निघाला की निरुपद्रवी इथिलीन.

अनेक जिवाणू दोन क्लोरीनपर्यंत येऊन थांबतात. शेवटपर्यंत नेणारा मुख्य ओळखीचा गट म्हणजे डिहॅलोकोकॉइडिस. त्याच्याही सगळ्या उपप्रकारांना हे जमत नाही. त्याचा पहिला शुद्ध वाण १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. हा इवलासा जिवाणू ऑक्सिजन सहन करत नाही, हायड्रोजनशिवाय जगत नाही आणि बी-१२ जीवनसत्त्व शेजाऱ्यांकडून घेतो. म्हणून अशा जागी हवा सोडत नाहीत. उलट वनस्पती तेल किंवा लॅक्टेट सोडून ऑक्सिजन संपवतात, आणि डिहॅलोकोकॉइडिस नसेल तर बाहेरून आणतात. डिझेलच्या मातीचा उपाय इथे वापरला तर नुकसान होतं.

डीडीटीतही असंच. ऑक्सिजन असलेल्या मातीत त्याचं डीडीई होतं, जे तितकंच चिवट. म्हणून अहवाल मागताना मूळ रसायनाबरोबर त्याच्यापासून होणाऱ्या रसायनांचे आकडेही मागा.

१४. ज्या रसायनावर कुणीच जगू शकत नाही, तेही तुटतं का?

कधी कधी, योगायोगाने. मिथेनवर जगणाऱ्या जिवाणूंचं एन्झाइम फारसं चोखंदळ नसतं. मिथेन समजून ते ट्रायक्लोरोइथिलीनलाही पकडतं आणि तोडतं. जिवाणूला त्यातून काही लाभ नाही, उलट तयार होणारी द्रव्यं त्यालाच इजा करतात. मिथेन देत राहिलं तरच हे चालतं. याला सहचयापचय म्हणतात.

लाकडाची पांढरी कूज करणाऱ्या बुरशींची गोष्ट याहून मोठी आहे. लिग्निन हा लाकडातला वेडावाकडा, मोठा रेणू पेशीत घेता येत नाही, म्हणून फॅनेरोकीटी क्रायसोस्पोरियमसारख्या बुरशी एन्झाइम बाहेर सोडतात, आणि ती समोर येईल त्या कड्याचा इलेक्ट्रॉन हिसकावतात. १९८५ मध्ये या बुरशीने डीडीटी आणि बेंझोपायरीनसुद्धा मोडल्याचं दाखवलं गेलं. प्रयोगशाळेत कमाल वाटते. शेतावर मात्र ही बुरशी मातीतली रहिवासी नाही, ती लाकडातली. भुसा, लाकडाचे तुकडे देऊन तिला टिकवावं लागतं आणि मातीतले जिवाणू तिला लवकर हटवतात.

१५. शिसं, पारा, क्रोमियम यांचं काय?

ही मूलद्रव्यं आहेत, तुटून नाहीशी होत नाहीत. जिवाणू त्यांचं रूप बदलू शकतात. सहा प्रभाराचं विषारी, पाण्यात फिरणारं क्रोमियम तीन प्रभाराचं झालं की बरंचसं मातीला धरून राहतं, हा फायदा. पण ऑक्सिजन संपलेल्या जागी काही जिवाणू पाऱ्याचं मिथिलपारा करतात, जो माशांत साठतो, आणि लोहाला धरून बसलेलं आर्सेनिक सुटून पाण्यात येऊ शकतं. दोन्ही प्रकारचं प्रदूषण एकत्र असेल तर प्रश्न १३ मधला उपाय करण्याआधी धातूंची तपासणी करायलाच हवी.

१६. प्लास्टिक आणि "कायमची रसायनं" जिवाणू खातील का?

जपानमधल्या साकाई शहरातल्या नमुन्यातून सापडलेला आयडिओनेला साकाइएन्सिस हा जिवाणू पीईटी प्लास्टिकवर वाढतो, हे २०१६ मध्ये जाहीर झालं. तो पातळ फिल्मवर, ३० अंशांना, आठवडे घेऊन. मातीतलं प्लास्टिक त्याच्या भरवशावर सोडण्याची वेळ आलेली नाही.

फ्लोरीनयुक्त "कायमच्या" रसायनांत कार्बन आणि फ्लोरीनचा बंध इतका मजबूत असतो की मातीतले जिवाणू तो सहसा तोडत नाहीत. ते मोठ्या रेणूंच्या बाजूच्या शेपट्या कुरतडतात आणि मागे उरतं तेच जास्त चिवट आम्ल. अशा मातीवर जैविक उपाय विकणाऱ्याला प्रश्न १२ मधला प्रश्न विचारा: गेलं कुठे?

१७. जनुकं बदललेले जिवाणू वापरतात का? ते किंवा इतर जिवाणू पुढे धोकादायक ठरतील का?

शास्त्रज्ञ आनंद चक्रवर्ती यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वेगवेगळ्या स्युडोमोनसमधले प्लाझ्मिड (मुख्य गुणसूत्राबाहेरची डीएनएची छोटी कडी) एकाच जिवाणूत आणून तेलाचे अनेक घटक तोडणारा वाण तयार केला. १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सजीवावर पेटंट देता येतं असा निकाल दिला तो याच वाणासाठी. तेलगळतीवर मात्र तो कधी वापरला गेला नाही. १९९६ मध्ये अमेरिकेत ओक रिज इथे नॅप्थॅलीन जाणवलं की प्रकाश देणारा बदललेला जिवाणू मोजक्या बंदिस्त मातीत सोडून पाहिला गेला. व्यवहारातलं जवळपास सगळं काम बदल न केलेल्या जिवाणूंवर चालतं.

काम संपल्यावर त्यांचं अन्न संपतं, मातीतले एकपेशीय जीव त्यांना खातात आणि संख्या पूर्ववत होते. स्युडोमोनस एरुजिनोसासारखे काही जिवाणू प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना बाधू शकतात. पावडर आणलीच तर त्यात कोणते जिवाणू आहेत हे लेखी घ्या. हातमोजे आणि मुखपट्टी तर जिवाणूंपेक्षा डिझेलच्या वाफेसाठी आणि धुळीसाठी आधी हवी.

१८. नत्र दिल्याने काम उलट थांबलं, असं होऊ शकतं?

होऊ शकतं. ॲट्राझीन या तणनाशकाच्या कड्यातला कार्बन आधीच पूर्ण ऑक्सिडाइज झालेला असतो, त्यातून ऊर्जा मिळत नाही. जिवाणू ते मोडतात ते मुख्यतः त्यातल्या नत्रासाठी. युरिया दिला की फुकटचं नत्र मिळतं आणि ॲट्राझीनकडे कुणी पाहत नाही. तिथे नत्र न देता सहज खाता येईल असा कार्बन द्यावा लागतो. प्रश्न १४ मधली फॅनेरोकीटी बुरशीही आपली लिग्निन तोडणारी एन्झाइम्स नत्राची टंचाई झाली की सोडते.

ॲट्राझीनची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ते १९५० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलं तेव्हा मातीत महिनोन्‌महिने टिकायचं. जिथे ते वर्षानुवर्षं फवारलं गेलं तिथले जिवाणू आता ते काही दिवसांतच संपवताना आढळतात. ही जनुकं प्लाझ्मिडवर बसून एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातात. काही दशकांत माती शिकते, हे मला आजही थक्क करतं.

१९. साफ केलेल्या मातीत भाजीपाला लावला तर?

हे रसायन आणि भाजी या दोन्हींवर अवलंबून आहे. डिझेल पूर्ण तुटलेल्या मातीत अडचण सहसा नत्राच्या ओढीची आणि बिघडलेल्या पोताची असते. एक-दोन हंगाम हिरवळीचं खत घेतलं की सुधारते. डीडीटी-डीडीईचा अंश असेल तर जपा. काकडीवर्गातली काही पिकं, विशेषतः झुकिनी आणि तिच्या जवळचे भोपळे, डीडीई मुळांतून उचलून देठात-पानांत नेतात. बहुतेक इतर पिकं ते इतकं उचलत नाहीत. गाजरासारख्या कंदांच्या सालीत तेलात विरघळणारी रसायनं साठतात. खाण्याचं पीक घेण्याआधी माती आणि पहिल्या पिकाचा नमुना दोन्ही तपासून घ्या.

२०. उपाय सुरू केल्यावर अहवालातला तेलाचा आकडा वाढला. असं कसं?

तीन कारणं नेहमी दिसतात. पहिलं, नमुना. दूषित माती एकसारखी नसते. हातभर अंतरावर दहापट फरक पडतो. एका जागेचा एक नमुना न घेता अनेक जागांची माती ठरलेल्या पद्धतीने मिसळून नमुना करा आणि दर वेळी तीच पद्धत ठेवा. दुसरं, कंपोस्ट. एकूण हायड्रोकार्बनची तपासणी पानांचं मेण आणि वनस्पतींची तेलंही कमी-अधिक मोजते. म्हणून कंपोस्टचा वेगळा नमुना तपासून तो आकडा वजा करा, आणि प्रयोगशाळेकडून सिलिका जेलने शुद्ध केल्यानंतरचा आकडा व गॅस क्रोमॅटोग्राफचा (मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्राचा) आलेख मागा. डिझेलचा आलेख ठरावीक अंतरावरच्या उंच सुळक्यांचा असतो. जिवाणू काम करत असतील तर सुळके आधी झिजतात, खालचा उंचवटा मागे राहतो. एकूण आकडा तोच असतानाही हा बदल दिसतो.

तिसरं कारण चांगलं आहे. जिवाणू स्वतःच ऱ्हॅम्नोलिपिडसारखी साबणासारखी द्रव्यं सोडतात, त्याने कणांत अडकलेलं तेल सुटं होतं आणि प्रयोगशाळेच्या द्रावकात जास्त उतरतं. असं असेल तर पुढच्या दोन-तीन नमुन्यांत आकडा खाली येतो. तसा आला नाही, तर जमिनीत अजून कुठून तरी तेल झिरपतंय का ते पाहा: फुटकी टाकी, जुनी नळी, शेजारचा खड्डा.